खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी एफडी मोडावी का?

उदगीरहून एका वाचकांनी लिहिलंय. सहावीतल्या लेकीला क्लाउनफिश हे समुद्रातले मासे हवेत, आणि ‘खरं सांगायचं तर मलाच जास्त हौस आहे’. दुकानदाराने ऐंशी लिटरच्या टँकचा अंदाज ४६,००० रुपये दिलाय. पैसे एफडी मोडून भरावेत की बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर, एवढाच त्यांचा प्रश्न. नवरा-बायकोचे पगार मिळून ६२,०००. घराचा हप्ता १८,५००, घरखर्च आणि शाळा ३१,०००, एसआयपी ४,०००. हातात उरतात ८,५००. एफडी १,४०,००० ची.

दोन्ही नको, हे आधीच सांगून टाकतो. हप्ता आणि घरखर्च मिळून तुम्हाला महिन्याला ४९,५०० लागतात. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांची तजवीज म्हणजे जवळपास तीन लाख. तुमच्या एफडीत तीन महिनेही पुरते निघत नाहीत. तिला हात लावू नका. नो-कॉस्ट ईएमआयमध्येही व्याज कुठेतरी धरलेलंच असतं: रोखीची सूट जाते, प्रोसेसिंग फी लागते, वर व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी.

पण माझी खरी हरकत दुकानदाराच्या कागदावर आहे. त्यात चिलर, म्हणजे टँकचं पाणी थंड ठेवणारं यंत्र, नाही. ‘पंख्यावर भागतं’ असं तो म्हणाला म्हणे. मुंबईपेक्षा आपल्याकडे पंख्याचा उपयोग जास्त होतो हे खरं, कारण हवा कोरडी. पाण्यावर वारा मारला की बाष्पीभवनाने ते थंड होतं, कूलरचंच तत्त्व. तरी बाहेर ४२ अंश असताना ते दोन-चार अंशच उतरतं, आणि या माशांना साधारण २४ ते २८ लागतात. शिवाय रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं. मीठ मात्र टँकमध्येच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, तीही आरओच्या. बोअरचं जड पाणी चालत नाही. उन्हाळ्यात भर घालायला आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायला मिळून महिन्याला शंभर-सव्वाशे लिटर आरओचं पाणी लागेल, आणि ते काढताना त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी वाया जाईल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तशा वर्षी हे पाणी कुठून आणाल, ते आत्ताच घरात बोलून घ्या.

आता लाइटबिल. दोनशे वॅटचा चिलर दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला ७२ युनिट. पंप आणि दिवे धरून शंभरच्या आसपास. तुमचं बिल आजच २३० युनिटचं आहे, म्हणजे मेमध्ये तीनशेची पायरी ओलांडणार आणि वरच्या युनिटला महाग दर लागणार. मीठ लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे सुरुवातीला पावणेतीन किलो आणि पुढे महिन्याला किलोभराच्या वर. खाद्य, टेस्ट किट, फिल्टरचं सामान धरून उन्हाळ्यात महिन्याला दोन-अडीच हजार बाजूला काढा. ईएमआयचे ३,८३३ आणि हे मिळून ८,५०० पैकी दोन हजारच उरतात. गाडी पंक्चर झाली तरी क्रेडिट कार्ड बाहेर निघेल.

त्याच कागदावर ‘लाइव्ह रॉक, ९,०००’ अशी ओळ आहे, म्हणजे समुद्रातून काढलेले प्रवाळाचे दगड. ती खोडा. समुद्रातून काढलेल्या कठीण प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे. तो विकत घेऊन घरात ठेवणं म्हणजे पैसे देऊन खटला आणणं. सिरॅमिकचे दगड चालतात, स्वस्तही पडतात. मासेही हॅचरीतलेच मागा. क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे होते.

मग कसं करायचं? ९,००० वजा करा, चिलरचे साधारण २४,००० आणि आरओ-डीआय (पाण्यातले उरलेसुरले क्षारही काढणारा) फिल्टर, क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, बॅटरीवरचा एअर पंप यांचे आठ हजार मिळवा. आकडा ६९,००० वर जातो. एप्रिलपासून महिन्याला ५,००० ची आरडी सुरू करा. पुढच्या वर्षी मेअखेर चौदा हप्त्यांचे ७०,००० होतील. उरलेले ३,५०० एफडीच्या जोडीला टाका. काटेकोर सल्लागार म्हणेल, आधी तीन लाख पूर्ण करा. मी म्हणत नाही. त्या हिशेबाने हौस कधीच पुरी होत नाही.

पाऊस लागल्यावर, जूनच्या शेवटी टँक मांडा. पहिले चार ते सहा आठवडे मासे टाकायचे नाहीत. अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तेवढ्यात तयार होतात. नंतर दोनच क्लाउनफिश. एक हिशेब मात्र मनात असू द्या. लेक अकरावीला लातूरला जाईल तेव्हा हे मासे जेमतेम तीन वर्षांचे असतील, आणि नीट सांभाळले तर दहा वर्षांच्या वर जगतात. क्लास, होस्टेल आणि टँक एकाच पगारातून चालतील, आणि आठवड्याचं पाणी तुम्हीच बदलाल.

तोवर येत्या मेमध्ये एक करा. टँक जिथे ठेवणार तिथे वीस लिटरची बादली भरून ठेवा, वरून टेबलफॅन लावा, आणि रोज दुपारी चारला थर्मामीटर बुडवून आकडा वहीत लिहा. महिनाभराचे आकडे मला पाठवा. २८ च्या वर गेलेच नाहीत, तर चिलरचे चोवीस हजार वगळून टाकू आणि आरडी लवकर बंद करता येईल.