‘कोझी’ला ऊबदार म्हणावं का?

साताऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सध्या त्या एक इंग्रजी रहस्यकथा वाचतायत. छोटंसं गाव, बेकरी चालवणारी बाई खुनाचा छडा लावते, तिचं मांजर बोलतं, रक्तबिक्त फारसं दिसत नाही. अशा पुस्तकांना ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात. मैत्रिणीला मराठीत सांगायचं तर ‘छोट्या शहरातली, जादूटोण्याचा स्पर्श असलेली ऊबदार रहस्यकथा’ म्हणावं का?

ताई, यातला ‘रहस्यकथा’ एवढाच शब्द मी ठेवीन.

आधी ऊबदार. हा शब्द शालीला, रजईला, फार तर स्वेटरला लागतो. एप्रिलातल्या सांगलीत बसून नुसता वाचला तरी घाम फुटतो. थंड मुलखातल्या माणसाला शेकोटीजवळ बरं वाटतं, म्हणून त्याच्या सुखाला ऊब असते. आपलं मात्र काळीज थंड होतं, जिवाला गारवा मिळतो. ‘मायेची ऊब’ आपल्याकडे आहे, नाही कुठं म्हणतोय, पण ती माणसाची. पुस्तक ऊबदार म्हटलं की उन्हात राहिलं होतं की काय असं वाटतं.

‘कोझी’ हा शब्द मूळचा स्कॉटलंडकडचा. किटलीवर घालायची कापडी टोपी, टीकोझी, काही घरांत अजून असेल. चहा गरम राहतो हे खरं, पण तो राहतो बाहेरची हवा लागत नाही म्हणून. बाहेर वारं सुटलंय आणि आपण आडोशाला बसलोय, हा त्या शब्दाचा गाभा. आणि त्याला मराठीत नेमका शब्द आहे, आपण तो दिवसातून दहा वेळा वापरतो : निवांत.

संस्कृतात ‘निवात’ म्हणजे वारा न लागणारी जागा. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला ‘निवातस्थ’ दिव्याची उपमा आहे, म्हणजे वारा नसलेल्या जागी ठेवलेला, न हलणारा दिवा. आपला ‘निवांत’ त्याच घरातला मानतात. शिवाय सातारा-सांगलीकडं ‘काय चाललंय?’ला ‘निवांत’ हे उत्तर असतंच. या कथांत खून झाल्यावरसुद्धा लोक चहा प्यायला बसतात, त्यामुळं ‘निवांत रहस्यकथा’ मला चपखल वाटतं. संथ असा अर्थ कुणी काढला तर काढू दे. त्या असतातच जरा संथ.

‘छोटं शहर’ हे तर सरळ भाषांतर झालं. आपल्याकडं त्याला कसबा होता. जुन्या महसुली भाषेत कसबा म्हणजे बाजारपेठ, कचेरी असलेलं मुख्य गाव आणि मौजे म्हणजे साधं खेडं. सांगलीजवळ कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज अशी दोन गावं आजही आहेत, पाटी बघून खात्री करा. (हातातलं ‘कसब’ याचा भाऊ नव्हे. दोन्ही अरबीतून आले, पण वेगवेगळ्या शब्दांवरून.) सगळे सगळ्यांना ओळखतात, तरी परकं माणूस आलेलं लगेच कळत नाही इतकं मोठं गाव. निवांत रहस्यकथेला असंच गाव लागतं. पार खेड्यात खुनी दुपारपर्यंत सापडेल.

आता जादू. इथं मराठी फार सावध आहे. करणी, भानामती, चेटूक, मूठ मारणं : सगळे शब्द भीतीचे, आणि त्यांपायी माणसं खरोखर मेलेली आहेत. दाभोलकरांच्या साताऱ्यात ‘जादूटोणा’ म्हटलं की बोलणारं मांजर कुणाला आठवणार नाही, 2013 चा कायदा आठवेल. नुसती ‘जादू’ म्हटली तर टोपीतून कबुतर निघतं. ‘चमत्कारिक’चा अर्थ तर केव्हाच ‘विचित्र’ होऊन बसलाय. मानवशास्त्राच्या पुस्तकांतला ‘यातुविद्या’ शब्द नेमका आहे, वेदांतला ‘यातु’ आणि फारसीतून आलेली ‘जादू’ एकाच कुळातले. पण बेकरीत यातुविद्या? नको.

मी ‘गारूड’ घेईन. गरुड सापाचा वैरी, म्हणून सापाचं विष उतरवणारा मंत्र तो गारूड, आणि तो जाणणारा गारुडी. पुढं विष गेलं, साप गेला, उरली भुरळ : एखाद्या आवाजाचं गारूड मनावर राहतं म्हणतो ना, ती. त्यात गूढ आहे, पण लिंबू-मिरची नाही. आणि ‘स्पर्श’ तरी कशाला, आपल्याकडं ‘झाक’ आहे, ‘चिमूटभर’ आहे.

तेव्हा मैत्रिणीला सांगा, ‘कसब्यातली निवांत रहस्यकथा आहे, चिमूटभर गारूड घातलेली.’ घाईत असाल तर ‘कोझी’ म्हणा, आभाळ कोसळत नाही. फक्त त्या बेकरीवाल्या बाईंना ‘हौशी गुप्तहेर’ म्हणू नका. त्या भोचक आहेत.