डुकरांचे कान जांभळे पडलेत, विकून टाकू का?

प्रश्न : माझ्याकडं लहानमोठी 40 डुकरं आहेत, खाद्य म्हणजे हॉटेलचं उरलेलं. चार दिवसांत तीन मेली, आधी खाणं सोडलं, ताप 106 पर्यंत गेला, मग कान आणि पोट जांभळं पडलं. शेजारचे म्हणतात पेनिसिलिन मारा. बाकीची धडधाकट आहेत तोवर व्यापाऱ्याला देऊन टाकू का?
– एक वराहपालक, सातारा जिल्हा

उत्तर : दादा, विकू अजिबात नका, आज एकही डुक्कर शेडबाहेर काढू नका, मग व्यापारी कितीही भाव देऊ दे. तुमची घाई समजते, पण आज धडधाकट दिसणाऱ्याच्या अंगातही रोग असू शकतो आणि तो टेम्पोतून दुसऱ्या गावात जातो.

जांभळे कान बघून रोगाचं नाव सांगता येत नाही. साधा स्वाइन फिव्हर म्हणजे डुकरांचा साथीचा ताप असेल, आफ्रिकन स्वाइन फिव्हर असेल, एरिसिपेलास हा जिवाणूचा रोग असेल. एरिसिपेलासमध्ये कातडीवर शंकरपाळीच्या आकाराचे उठलेले लाल डाग येतात आणि पेनिसिलिनने बहुतेक वेळा एकदोन दिवसांत फरक पडतो, म्हणून शेजारी सांगतात ते अगदीच खोटं नाही. पण दोन्ही स्वाइन फिव्हर विषाणूचे, तिथं पेनिसिलिन काय करणार! साध्याची लस आपल्याकडं मिळते, पण ती आफ्रिकनवर चालत नाही. आफ्रिकन आपल्या देशात 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात सापडला, त्यावर औषध नाही. माणसाला तो होत नाही, तेवढं घरच्यांना सांगा.

तर 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, नाहीतर थेट पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नमुना तेच घेतील, आफ्रिकनचा संशय असला तर तो भोपाळच्या प्रयोगशाळेत जातो. मेलेलं डुक्कर उत्सुकतेपोटी फाडून बघू नका, रक्तात विषाणू ठासून भरलेला असतो, आणि ओढ्यात तर टाकूच नका, डॉक्टरांना विचारून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

राहिलं हॉटेलचं खाद्य. मला विचाराल तर संशय तिथंच जास्त, कारण त्यात डुकराच्या मटणाचे तुकडे आले तर विषाणू त्यात महिनोन्महिने जिवंत राहतो. बंद करणं परवडत नसेल तर निदान अर्धा तास खळखळून उकळा, मधेमधे ढवळत, नुसतं कोमट केलेलं चालत नाही. आणि कच्च्या खरकट्याची बादली वेगळी, उकळलेल्याची वेगळी, बरेच जण उकळतात आणि परत त्याच बादलीत ओततात.