पाम स्प्रिंग्समध्ये मेक्सिकन कुठे खायचं? हायवे १११ धरा आणि पूर्वेला चला

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मिस्टरांना कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्सला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जॉब लागलाय, जुलैत नाशिकहून निघताय, तुम्ही शाकाहारी पण अंडं चालतं, ते सगळं खातात, आणि तिथे इंडियन फारसं नाही असं ऐकलंय तर मेक्सिकनवर दिवस निघतील का, असं विचारलंयत. मी सांगलीची, इथे ९ वर्षं झाली, राहते शेजारच्या कॅथेड्रल सिटीत. दिवस निघतात, चांगले निघतात, फक्त कुठे जायचं आणि काय विचारायचं ते माहीत पाहिजे, आणि ते कळायला मला दोन वर्षं लागली म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंडियनचं ऐकलंय ते खरंय. एक-दोन हॉटेलं आहेत, तंदुरी-बटर चिकनवाली. खरं वाणसामान आणि डोसा-चाट पाहिजे तर लॉस एंजेलिसकडे आर्टीजियाला, पायोनियर बुलेव्हार्डवर जायचं, म्हणजे ट्रॅफिक नसेल तरी दोन तास. आम्ही महिन्यातून एकदा जातो आणि डाळी-पिठं भरून आणतो.

आता मेक्सिकन. ही आमची व्हॅली (कोचेला व्हॅली) म्हणजे एका रस्त्याला ओवलेली गावं आहेत असं समजा, हायवे १११. पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी पाम स्प्रिंग्स, मग कॅथेड्रल सिटी, रँचो मिराज, पाम डेझर्ट, इंडियन वेल्स, ला किंटा, इंडिओ आणि शेवटी कोचेला. (हो, तो म्युझिक फेस्टिव्हलवाला कोचेला, पण फेस्टिव्हल होतो इंडिओत.) पश्चिमेला रिसॉर्ट, गोल्फ, स्विमिंग पूल. आणि त्या रिसॉर्टमध्ये बेड घालणारे, गोल्फचं गवत कापणारे, किचनमध्ये भांडी घासणारे लोक संध्याकाळी घरी जातात ते पूर्वेला, इंडिओ, कोचेला, आणि त्याच्याही पुढे थर्मल आणि मेक्का, जिथे खजूर, द्राक्षं आणि मिरचीची शेती आहे. मेक्का हे खरंच गावाचं नाव आहे, खजुराच्या नादात अरबी नावं ठेवली लोकांनी. तर माझा हिशोब सोपा आहे, स्वयंपाक करणारे जिथे राहतात तिथे जेवायला जायचं. जसजसे पूर्वेला जाल तसं मेनूकार्डावरचं इंग्लिश कमी होत जातं, मार्गारिटा कॉकटेलचे फोटो कमी होत जातात आणि सालसा (त्यांची चटणी) तिखट होत जाते.

पण पाम स्प्रिंग्स अगदीच टाकाऊ आहे असं नाही हां. पहिल्या आठवड्यात मिस्टरांचे कलीग तुम्हाला लास कासुएलास तेर्रासाला नेतीलच, साउथ पाम कॅनियन ड्राइव्हवर, अंगण, लाइव्ह म्युझिक, सगळं. डेलगाडो कुटुंबानं १९५८ मध्ये पाम स्प्रिंग्समध्ये पहिलं लास कासुएलास काढलं, त्याच घराण्यातलं हे. जेवण ठीक, चीज भरपूर, वातावरणासाठी एकदा जावं. मला विचाराल तर गावात बसून जेवायचं तर एल मिरासोल. तिथलं मोले पोब्लानो खा, म्हणजे सॉस घ्या आणि आत चिकनऐवजी चीजचा एन्चिलाडा (सारण भरून गुंडाळलेला टॉर्टिया, म्हणजे त्यांची पोळी) देता का विचारा. मोले म्हणजे सुक्या मिरच्या, तीळ, दालचिनी, लवंग, दाणे-बदाम आणि थोडं चॉकलेट भाजून वाटलेलं. पहिला घास घेतल्यावर मला कांदा-लसूण मसाल्याचं वाटणच आठवलं, फक्त कुणीतरी त्यात गोड पडू दिलंय असं. तरी एक सांगून ठेवते, मोले बहुतेक वेळा चिकनच्या पाण्यात ढिलं करतात.

म्हणजे आलो मूळ मुद्द्यावर. मांतेका. हा शब्द पाठ करा, व्हिसा नंतर. मांतेका म्हणजे डुकराची चरबी, आणि ती जिथे दिसणार नाही तिथे असते. परतलेल्या बीन्समध्ये (फ्रिहोलेस रेफ्रितोस), तमालेच्या पिठात, बऱ्याचदा मैद्याच्या टॉर्टियात सुद्धा. आणि लाल भात चिकनच्या काल्दोमध्ये, म्हणजे चिकनच्या पाण्यात, शिजवलेला असू शकतो. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की लोक मांसाचे तुकडे काढून देतात, चरबीला कुणी मांस समजत नाही, त्यांचंही चुकत नाही म्हणा. माझी आई आली होती तेव्हा घराजवळच्या एका छोट्या हॉटेलात आम्ही तिला रोज बीन्स खाऊ घातले, ती तर खूष, म्हणे अगदी आपल्या पावट्याच्या उसळीसारखी घट्ट आणि खमंग, ह्यांना फोडणी बरी जमते. तिसऱ्या आठवड्यात मी सहज रेसिपी विचारली तर त्या काउंटरवरच्या बाईनं हसत पांढरा डबाच उचलून दाखवला. आईला आजतागायत सांगितलेलं नाही.

तर विचारायचं असं: 'तिएने मांतेका?' (चरबी आहे का?) आणि 'सिन कार्ने, सिन काल्दो दे पोयो, पोर फावोर' (मांस नको, चिकनचं पाणी नको, प्लीज). मोडकंतोडकं चालतं, उलट लोक खूष होतात. बीन्स पाहिजेत तर 'फ्रिहोलेस दे ला ओया' मागा, ते नुसते उकडलेले असतात, तरी विचारूनच घ्या. मक्याचा टॉर्टिया साधारण सेफ, त्यात मका, चुना आणि पाणी. केसाडियात (चीज घालून दुमडून भाजलेला टॉर्टिया) भोपळ्याची फुलं (फ्लोर दे कालाबासा) किंवा मशरूम, टाकोत (छोट्या टॉर्टियावर सारण) राहास म्हणजे भाजलेल्या मिरचीच्या पट्ट्या चीजबरोबर, आणि नोपालेस.

नोपालेस म्हणजे निवडुंग. तोंड वाकडं करू नका! कॅथेड्रल सिटीत रॅमन रोडवर कार्डेनास म्हणून मेक्सिकन सुपरमार्केट आहे, तिथे काटे काढलेली, चिरलेली पानं पिशवीतून मिळतात. चिरल्यावर भेंडीसारखाच बुळबुळीत चिकट रस सुटतो, आणि उपायही भेंडीचाच, रुंद कढईत झाकण न ठेवता परतायचं, वरून थोडं आंबट. मी चिंचेचा कोळ घालते. चिंच, कोथिंबीर, ओल्या मिरच्या, पपई, पेरू सगळं त्याच दुकानात, त्यासाठी इंडियन दुकानाची गरजच पडत नाही. तशा मिरची, मका, टोमॅटो, पेरू ह्या सगळ्या गोष्टी अमेरिका खंडातूनच पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आल्या, चिकू तर झाड पण मेक्सिकोकडचं आणि नाव पण.

दुकानात मागच्या बाजूला टॉर्टिया बनतात, पुडकं हातात घेतलं की चटका बसतो इतके गरम. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, धुतात आणि मग ओला दळतात, चुना तोच, आपण पानाला लावतो तो. त्यामुळे वासच वेगळा. घरी करायचं तर मासेका नावाचं तयार पीठ मिळतं, ते कोमट पाण्यात मळून मी सरळ भाकरीसारखं थापते, कडा चिरतात जरा पण तव्यावर टम्म फुगते, आणि वर ठेचा. त्यांच्याकडे दगडी पाटा-खलबत्ता दोन्ही आहेत, मेताते आणि मोल्काहेते, भाजक्या मिरचीची सालसा त्यातच वाटतात. ती खाल्लीत की नाशिकची आठवण यायचं थोडं कमी होईल.

मिस्टरांसाठी: शनिवार-रविवारी सकाळी इंडिओ-कोचेलाच्या टाकेरियांमध्ये (टाकोच्या दुकानांत) मेनुदो मिळतं, वजडीचा लाल रस्सा, वर कच्चा कांदा, लिंबू आणि ओरेगानो. कोल्हापूर-सांगलीचा माणूस असेल तर डोळ्यात पाणी येतं. आणि संध्याकाळी रस्त्याकडेला ट्रक लागतात त्यात उभ्या सळईवर पोर्कचा लालभडक कोन फिरत असतो, टोकावर अननस. तो अल पास्तोर. माणूस एका हातानं मांस तासतो आणि सुरीच्या टोकानं अननसाची चकती उडवून दुसऱ्या हातातल्या टाकोत झेलतो. लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्या लोकांच्या शवार्मावरून आलंय ते. मी खात नाही, पण बघत उभी राहते. शेजारी बहुतेक कणीसवाला असतो, कणसावर मेयोनीज, चीज, तिखट, लिंबू. मेयोनीज नको सांगितलं की आपलं जुहू चौपाटीचं कणीस. कैरी-आंब्याला तिखटमीठ लावून देतात ते तर सांगायलाच नको. प्यायला आग्वा दे हामायका घ्या, ते लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, नाहीतर तामारिंदो, म्हणजे चिंचेचं.

डिसेंबरात इंडिओत तमाले फेस्टिव्हल असतो, १९९२ पासून. तमाले म्हणजे मक्याचं पीठ आणि सारण कणसाच्या पानात गुंडाळून वाफवलेलं, आपल्या पातोळ्यांचे चुलत भाऊ. पण पीठ चरबीत फेटतात हे वर आलंच, तुम्ही तिथे व्हीगन लिहिलेले स्टॉल शोधा, आणि लवकर जा.

आता जुलैचं. तुम्ही अगदी वाईट वेळेला येताय. ५ जुलै २०२४ ला पाम स्प्रिंग्सला १२४ फॅरनहाइट झालं होतं, म्हणजे ५१ सेल्सिअस, आत्तापर्यंतचं रेकॉर्ड. नाशिकचा मे विसरा. उन्हाळ्यात टुरिस्ट नसतात म्हणून कित्येक हॉटेलं ऑगस्टमध्ये दोन-चार आठवडे बंद ठेवतात, फोन करून मगच निघा. फायदा एकच, जागा लगेच मिळते, फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये त्याच टेबलसाठी तास तास थांबावं लागतं. बसून खायच्या ठिकाणी बिलावर १८-२० टक्के टिप धरा, ट्रकवर बरणीत एक-दोन डॉलर टाकले तरी चालतं, आणि ट्रकसाठी कॅश जवळ ठेवा. गाडी येईपर्यंत हायवे १११ ला सनलाइनची बस आहे, पण स्टॉपवर दुपारी उभं राहू नका, खरंच नका.

घर बघताना कॅथेड्रल सिटी किंवा इंडिओ जरूर बघा, मिस्टरांना ड्राइव्ह थोडा जास्त पडेल पण टॉर्टियाचं दुकान चालत अंतरावर असेल. आणि सामानात पोळपाट-लाटणं आणा पण मिक्सर आणू नका, इथे १२० व्होल्ट आहे, माझा पहिल्याच दिवशी नुसता गुरगुरला. बाकी अपार्टमेंटचं काही विचारायचं असेल तर विचारा, रविवारी निवांत असते.