पालातलं लेकरू दिवसभर चहा-बिस्किटावर असतं

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. छाटणीपासून सुरगाण्याकडची चार कुटुंबं बांधावर पाल ठोकून राहतात. त्यांतलं दोन वर्षांचं एक लेकरू दिवसभर चहा-बिस्किटावर असतं. केस भुरे झालेत, हातापायांच्या काड्या. मी उरलेली पोळी-भाजी देते, ते खात नाही. रेशनकार्ड गावी राहिलंय. घरचे म्हणतात, त्यांचं त्यांना बघू दे. काय करू?

उत्तर : ताई, आज संध्याकाळीच त्याच्या दोन्ही पावलांवर अंगठा थोडा वेळ दाबून बघा. खळगा तसाच राहिला तर ती सूज आहे. मग थांबू नका, सरकारी दवाखान्यात न्या. सूज नसेल तर उद्या अंगणवाडीत दंडाचा घेर मोजून घ्या. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर तीव्र कुपोषण, त्यालाही डॉक्टरच हवेत. साडेबारापर्यंत मध्यम. बाहेरगावचं मूल म्हणून अंगणवाडीने परत पाठवलं, तर तिथंच ठाम उभ्या राहा. तीन वर्षांखालच्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो, आणि तो त्याचा हक्क आहे.

मी २८ वर्षं अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. सुरगाणा-पेठच्या घरात नागली म्हणजे नाचणी असते, उडीद असतो, पावसाळ्यात रानभाज्या. पालावर येताना डोक्यावर किती आणणार? एकदा एका पालात वाकून पाहिलं. तीन दगडांची चूल, रात्रीच्या भाताचं पातेलं आणि कोपऱ्यात लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं नागलीचं पीठ, जेमतेम दोन ओंजळी. "हे कधी काढणार?" म्हटलं. "पोर आजारी पडलं का," पालातली बाई म्हणाली. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात त्याचा दहावा हिस्साही नाही. म्हणून शक्य असेल तर नागलीच आणून द्या. लेकराला ती चव ओळखीची आहे, तुमची पोळी नाही.

रेशनचं काम तुम्ही सोबत गेलात तर पटकन होईल. कार्डाचा नंबर गावाकडून फोनवर मागवा. आधार जोडलेलं असेल तर अंगठा लावून इथल्या दुकानातही धान्य मिळतं. कार्ड 'प्राधान्य कुटुंब' गटातलं असेल तर माणशी महिन्याला ५ किलो, तेही फुकट. पण हिशेब करा : दिवसाला १६५ ग्रॅम, म्हणजे ६०० कॅलरीसुद्धा नाहीत. निर्वासितांच्या छावणीत माणशी २१०० कॅलरी धरतात. उरलेलं सगळं मजुरीतूनच यायचं, आणि त्यातून मुकादम आधी दिलेली उचल कापून घेतो. डाळ-तेल म्हणूनच आधी संपतं.

आता तुमच्या हातातलं. आई सकाळीच बागेत जात असेल, संध्याकाळी परतत असेल. मधल्या वेळात त्याला भरवणारं कोणी नसतं, फार तर एखादं मोठं भावंड पुडा फोडून देतं. एवढ्याशा पोटाला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं लागतं. दहाला आणि एकला आईला पंधरा-पंधरा मिनिटं सोडा, मजुरी न कापता. घरच्यांना हे तुम्हीच पटवायचं. वरण-भातात चमचाभर तेल, शेंगदाण्याचा बारीक कूट, चालत असेल तर अंडं. फवारणीच्या हातांनी घास जाऊ नये म्हणून पालापाशी साबण आणि पाणी ठेवा.

बिस्किटं बंद कर म्हणून आईला लगेच बोलू नका. आधी दुसरं काही तिच्या हातात द्या. महिन्याने दंड पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे मला लिहून पाठवा.