भाजलं म्हणून विष जात नाही

काढणीच्या तोंडावर पाऊस झाला की महिनाभरात माझ्याकडे बुरशी लागलेल्या धान्याबद्दल त्याच शंका पुन्हा येऊ लागतात. यंदाच्या काहींना इथे उत्तरं देतो.

भाकरीला बुरशी आली तर तेवढा भाग काढून उरलेली खावी का?

नाही. टाकून द्या.

मक्याची कणसं भिजली, दाण्यांवर हिरवट बुरशी दिसते. वाळवून, खरपूस भाजून दळला तर चालेल ना? सासूबाई म्हणतात, आगीपुढे काही टिकत नाही.

सासूबाईंचा मान राखून सांगतो, हे टिकतं. आगीने बुरशी मरते. तिने दाण्यात सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे रसायन आहे, त्याला जीवच नाही तर ते मरणार कसं? ते मोडायला अडीचशे अंशांच्या पुढे उष्णता लागते. तुमच्या भाकरीचा आतला भाग शंभराच्या आसपास शिजतो.

1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत हेच घडलं. अवकाळी पावसात मका भिजला, तसाच साठवला, आणि घरात दुसरं धान्य नसल्याने लोकांनी तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी साठलं. जवळपास चारशे माणसं आजारी पडली, शंभरावर दगावली. त्याच घरचं अन्न खाणारी कुत्रीही मेली. तिथल्या मक्याच्या काही नमुन्यांत किलोमागे 15 मिलिग्रॅमपर्यंत विष सापडलं. आज आपल्याकडे धान्यातली कायदेशीर मर्यादा किलोमागे 15 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे त्याचा हजारावा भाग. त्या लोकांनीही मका शिजवूनच खाल्ला होता, कच्चा नव्हे.

थोडं थोडं विष वर्षानुवर्षं पोटात जाणं हा दुसरा धोका. त्यातून यकृताचा कर्करोग होतो. ज्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे, त्यांना तो धोका कित्येक पटींनी जास्त. म्हणून बाळाला बीची लस जन्मताच टोचा, आणि स्वतःचं रक्त एकदा तपासून घ्या. तुमचा हा मका दळू नका. पुढच्या हंगामात ओल बारा टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय पोतं शिवू नका. कडुनिंबाचा पाला किंवा किडीच्या गोळ्या ओलीवर काहीच करत नाहीत.

काळी पडलेली ज्वारी व्यापारी पॉलिश करून पांढरी विकतात. ती घ्यावी का?

पॉलिशने साल निघते, तिच्याबरोबर बुरशीचं थोडं विषही जातं. पण दाण्यात मुरलेलं किती उरलं, हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. आणि गिऱ्हाईक मात्र 'स्वच्छ माल' म्हणून जास्त पैसे मोजतं! मला याचा संताप येतो. 1995 साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले होते. त्यामागे फ्युमोनिसिन नावाचं बुरशीचंच विष होतं. नेहमीच्या दुकानदाराकडून न पॉलिश केलेला माल मागा आणि दाणा स्वतः बघून घ्या.

बाजरीची भाकरी खाल्ल्यावर घरातल्या सगळ्यांना उलट्या आणि गरगर. विषबाधा असेल का?

असू शकते, आजच दवाखान्यात जा. बाजरीत गडद तपकिरी, वेडेवाकडे अरगटाचे, म्हणजे कणसावर वाढणाऱ्या एका विषारी बुरशीचे, खडे आहेत का, ते पाहा. मिठाच्या दाट पाण्यात ते वर तरंगतात. पण आता आधी माणसं, धान्य नंतर.

निवडून काढलेले बुरशीचे दाणे गाईला घातले तर?

गाय विष पचवून टाकत नाही. त्यातलं काही बदललेल्या रूपात दुधात उतरतं, आणि दूध उकळून ते जात नाही. तेच दूध तुमची लहान मुलं पितात. बुरशी लागलेल्या पेंडीचंही तसंच. असं खाद्य लगेच बंद करा आणि गुरांच्या डॉक्टरांना बोलवा. 'माणसाला नको ते जनावराला' ही सवय मोडायलाच हवी.

वडिलांचे डोळे पिवळे झालेत. गावात काविळीचा पाला देतात, आठवडाभर तो देऊन बघू का?

एक दिवसही नको. कावीळ हे नुसतं लक्षण आहे. कारण विषाणू असेल, पित्ताचा खडा असेल, दारू असेल, किंवा घरातलं धान्य असेल. पाल्याने यातलं एकही कळत नाही, आणि यकृत निकामी होत असेल तर तो आठवडा परत मिळत नाही. आजच रक्त तपासा. घरात आणखी कुणाला त्रास होतोय का, ते डॉक्टरांना सांगा, आणि जे धान्य चालू आहे त्यातलं मूठभर कागदी पिशवीत घालून सोबत न्या.