क्लोरीनची गळती आणि उलटून गेलेले ४८ तास

प्रश्न : मी एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात प्लांट मॅनेजर आहे. पाच दिवसांपूर्वी रात्रपाळीत क्लोरीन टनरचा (क्लोरीन वायूच्या मोठ्या आडव्या सिलिंडरचा) व्हॉल्व्ह गळला. दोन कामगारांना आणि गेटबाहेरच्या चहावाल्याला त्रास झाला. चहावाल्याला एक दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. मालक म्हणतात, साठा १० टनांच्या आत आहे, कुठे कळवायची गरज नाही. 'किरकोळ देखभाल' लिहून सही कर. करू का?

उत्तर : करू नका. मालकांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, पण अर्धवट आहे.

१० टनांचा आकडा घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांच्या १९८९ च्या नियमांतला. क्लोरीनसाठी खालची मर्यादा १० टन, वरची २५. भरलेल्या टनरमध्ये साधारण ९०० किलो क्लोरीन असतो. शेडमध्ये आठ टनर असतील तर ७.२ टन, मालक बरोबर. पण त्यांचंच दुसरं युनिट ५०० मीटरच्या आत असेल तर दोन्हीकडचा साठा एकत्र धरतात. तिथे आणखी चार टनर निघाले की झाले १०.८ टन. त्या रात्रीचा आकडा स्टॉक रजिस्टर आणि पुरवठादाराच्या चलनांवरून आजच काढा.

ही १० टनांची मर्यादा ओलांडली असेल तर नियम ५ लागतो : मोठा अपघात भोगवटादाराने (कारखान्याचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याने) ४८ तासांत 'डिश'ला, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, कळवायचा. 'मोठा' म्हटलं की लोकांना भोपाळच आठवतं. व्याख्येत मात्र आतले दहा जखमी लागतात, बाहेरचा एकच पुरतो. तुमचा चहावाला तो एक.

साठा १० टनांच्या आत निघाला तरी सुटका नाही. हवा कायदा १९८१, कलम २३ : अपघाताने मानकांपेक्षा जास्त उत्सर्जन झालं किंवा होण्याची भीती असली, तरी प्रदूषण नियंत्रण मंडळाला ताबडतोब कळवायचं. इथे टनांचा संबंधच नाही, आणि जबाबदारी जागेच्या प्रभारी व्यक्तीवर आहे. ती कदाचित तुम्हीच. गळतीवर पाणी मारलं होतं का? (मारू नये, ओला क्लोरीन व्हॉल्व्हचा धातू आणखी खातो.) ते पाणी किंवा क्लोरीन शोषायला वापरलेलं कॉस्टिक सोड्याचं द्रावण नाल्यात गेलं असेल तर जल कायद्याचं कलम ३१ सुद्धा आलं.

आता उशीर झालाच आहे. १९८९ चे नियम ज्या कायद्याखाली आहेत त्या पर्यावरण संरक्षण कायद्यात १ एप्रिल २०२४ पासून दंड १०,००० ते १५ लाख रुपये आहे. खोटी नोंद हा मात्र फौजदारी मामला, आणि सही तुमची. म्हणून मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याला आणि 'डिश'ला आजच्याच तारखेने ईमेल करा, उशीर झाल्याचं सरळ लिहा. जावक रजिस्टरमध्ये मागची तारीख घुसवू नका. मालक तयार नसतील तर त्यांना लेखी कळवून प्रत घरी ठेवा आणि कलम २३ ची सूचना स्वतः पाठवा.

पहिल्याच पत्रात 'ऑपरेटरची चूक' असं लिहून मोकळं होण्याची घाई बहुतेकांना नडते. १९८९ च्या नियमांच्या अनुसूची ६ मधला अपघाताचा अहवाल टप्प्याटप्प्याने देता येतो. कारण कळलं नसेल तर तसं लिहायची सोय त्यातच आहे. तारीख, पाळी, वेळ, नेमकी जागा, बाधितांची संख्या आणि केलेले उपाय एवढं मात्र अचूक द्या.

तो टनर अजून आवारात असेल तर पुरवठादाराला परत जाऊ देऊ नका. त्याचा नंबर टिपा, व्हॉल्व्हचे फोटो काढा. व्हॉल्व्ह बदलला असेल तर जुना पिशवीत सील करून ठेवा, भंगारात टाकू नका.