लॉयलिस्ट : राजनिष्ठ की राजपक्षीय?

कॅनडात ओंटारियोमध्ये राहणाऱ्या एका वाचक ताई आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी स्थानिक इतिहासावर लेख लिहीत आहेत. त्यांच्या गावात 'युनायटेड एम्पायर लॉयलिस्ट' मंडळींच्या वंशजांची संस्था आहे. तिच्या काही सभासदांच्या आडनावानंतर 'यू.ई.' अशी अक्षरं असतात. ही पदवी आहे का, आणि 'लॉयलिस्ट'ला 'राजनिष्ठ' म्हणावं का, असा त्यांचा प्रश्न. मसुद्यात त्यांनी तूर्त 'संयुक्त साम्राज्यातील राजनिष्ठ मूळ रहिवाशांची संस्था' असं लिहिलं आहे.

'संयुक्त साम्राज्य' आधी काढून टाका. यू.ई. ही शिक्षणाची पदवी नव्हे, मानचिन्ह आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिलेली हजारो कुटुंबं युद्धानंतर घरदार सोडून उत्तरेला आली. त्यांचा मान राहावा म्हणून गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टर यांनी ९ नोव्हेंबर १७८९ रोजी क्वेबेकच्या कौन्सिलात ठराव करून घेतला. त्यातली यू.ई. ही अक्षरं 'युनिटी ऑफ द एम्पायर', म्हणजे 'साम्राज्याची एकता' या तत्त्वाची आहेत. म्हणजे साम्राज्य संयुक्त होतं असं नाही, ते फुटू नये असं या लोकांचं म्हणणं होतं. 'साम्राज्यवादी' तर अजिबात नको, मराठीत तो शब्द शिवी म्हणूनच वापरला जातो.

'मूळ रहिवासी'सुद्धा नको. ही माणसं १७८३-८४ च्या सुमारास आली, तेव्हा तिथे आदिवासी राष्ट्रं पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. 'सुरुवातीचे वसाहतकार' म्हणा, पुरे.

आता 'राजनिष्ठ'. कोशात बघाल तर हाच शब्द मिळेल, आणि व्याकरणाने तो चुकीचा नाही. पण मराठीत त्याला इंग्रजी अमदानीचा वास आहे. टिळकांवर १८९७ आणि १९०८ साली खटले झाले ते राजद्रोहाचे, आणि त्याच्या उलट टोकाला राजनिष्ठ म्हणजे सरकारदरबारी मुजरे करणारा रावबहादूर. आपल्या कानाला त्यात खुशामत ऐकू येते. 'निष्ठावंत' घ्यावा तर तो तिकीटवाटपाच्या दिवसांत पार झिजून गेला आहे.

वासाचं सोडून दिलं तरी माझी खरी अडचण वेगळी आहे. निष्ठा ही मनातली गोष्ट. डॉर्चेस्टरच्या ठरावाने मन तपासलं नाही. युद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या तहाआधी कोण राजाच्या निशाणाखाली आलं, एवढंच पाहिलं. बाजू कोणती आणि केव्हा घेतली, हा निकष. पुढे १७९० नंतर जमिनीच्या आशेने जे अमेरिकन आले, त्यांना तिथे 'उशिराचे लॉयलिस्ट' असं जरा नाक मुरडूनच म्हणतात.

आणि निशाणाखाली आलेल्यांची कारणं तरी एक होती का? व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने नोव्हेंबर १७७५ मध्ये जाहीर केलं की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील ते मुक्त. असे मुक्त झालेले कृष्णवर्णीय नोव्हा स्कॉशियात बर्चटाऊनला वसले. तिथे कबूल केलेली जमीन नीट मिळेना, तेव्हा १७९२ मध्ये त्या प्रांतातून सुमारे १,२०० जण जहाजांतून आफ्रिकेत सिएरा लिओनला निघून गेले. त्यांची निष्ठा राजावर होती की स्वतःच्या सुटकेवर? मोहॉक या आदिवासी राष्ट्राचा नेता जोसेफ ब्रँट आपल्या लोकांची भूमी वाचावी म्हणून लढला. तहात ती भूमी गेलीच, आणि बदल्यात १७८४ मध्ये आजच्या ओंटारियोत ग्रँड नदीकाठी जागा मिळाली. या सगळ्यांना एका 'राजनिष्ठ'मध्ये कोंबलं की त्यांचा इतिहास सपाट होतो.

म्हणून माझं मत 'राजपक्षीय'ला. हा शब्द मनाबद्दल काही बोलत नाही, फक्त बाजू सांगतो. आपल्या इतिहासलेखनाला ही रीत परकी नाही. १७०७ नंतर कोण शाहूच्या पक्षाला आणि कोण ताराबाईच्या, असंच आपण लिहितो. धनाजी जाधव शाहूकडे गेले म्हणून त्यांना कोणी 'शाहूनिष्ठ' ही उपाधी लावत नाही. 'राजपक्षीय' वाचून कुणाला श्रीलंकेचं राजपक्षे घराणं आठवेल, त्याला इलाज नाही. लेखात पहिल्यांदा 'लॉयलिस्ट, म्हणजे राजपक्षीय' असं लिहा आणि पुढे खुशाल 'लॉयलिस्ट' चालू ठेवा. तुमच्याकडे ट्रेंटन ते किंग्स्टन रस्त्याचंच नाव लॉयलिस्ट पार्कवे आहे, वाचकांना तो शब्द रोज पाटीवर दिसतो.

राहिली संस्था. कॅनडाभरची मध्यवर्ती संस्था १९१४ ची, गावोगावच्या तिच्या शाखा. आपल्याकडचा जवळचा शब्द 'कुलमंडळ' वाटेल, पण तो इथे बसत नाही. आपले कुलवृत्तांत बहुधा आडनावावर चालतात. लेकीचं नाव येतं, ती कुठे दिली ते येतं, आणि तिची ओळ तिथेच थांबते. डॉर्चेस्टरच्या ठरावात मात्र मुलगा किंवा मुलगी, दोघांकडूनही येणारे वंशज स्पष्ट धरले आहेत. त्यामुळे यू.ई.चा दाखला हवा असेल तर स्वतःपासून त्या पूर्वजापर्यंत दर पिढीचा सांधा कागदाने जोडावा लागतो : जन्माची नोंद, बाप्तिस्मा, जमिनीचा अर्ज, मृत्युपत्र. सगळ्यात घाम काढतात त्या आज्या-पणज्या, कारण लग्नात आडनाव बदललेलं असतं आणि त्या लग्नाची नोंद हाती लागली नाही तर साखळी तुटते.

तेव्हा 'लॉयलिस्ट वंशज मंडळ' असं सरळ लिहा. आई त्या वंशातली असेल तर उद्या तुमच्याच मंडळातला एखादा जोशीही कागद जमवून आडनावानंतर यू.ई. लावू शकेल.